साहेबराव ढोबळ्यांची शार्क

साहेबराव ढोबळ्यांच्या हातात जगातली कुठलीही वस्तू द्या, ते आधी तिच्यातला दोष शोधायचे. त्याचाच त्यांना पगार होता. चाकणच्या एका कंपनीत, जिथं ब्रेकचे सुटे भाग बनतात, तिथं ते बावीस वर्षं तपासणी खात्यात होते. केसाएवढा फरक दिसला तरी अख्खी पेटी लाल ट्रेमध्ये जायची. मशीनवरची पोरं त्यांना पाठीमागं ‘रिजेक्टराव’ म्हणायची. हे साहेबरावांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. स्वतःमध्ये मात्र बावीस वर्षांत त्यांना एकही दोष सापडला नव्हता.

दुःख एकच. कंपनीत दबदबा, पण कुरुळीतल्या सोसायटीत त्यांना कुणी ओळखत नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या निरंजनकडं निळ्या डोळ्यांचं एक विलायती कुत्रं होतं. त्या कुत्र्याला लिफ्टमध्ये लोक नावानं हाक मारायचे आणि साहेबरावांना विचारायचे, “काका, आपण कुठल्या फ्लॅटमधले?” परभणीकडचा, भरघोस मिशांचा, बावीस वर्षं नोकरीचा माणूस कुत्र्याच्या मागं पडला, हे काही बरोबर नव्हतं. दिवाळीचा बोनस हातात आला तसे ते पिंपरी कॅम्पात अजीजच्या मासळीच्या दुकानात गेले. खायच्या नव्हे, बघायच्या.

“साहेब, ही घ्या. कोलंबियाची शार्क,” अजीज म्हणाला.

चार बोटं लांबीचे तीन रुपेरी मासे काचेला धरून येरझाऱ्या घालत होते. पाठीवर ताठ पर, तोंडाशी मिशा. मिशा बघून साहेबराव विरघळलेच.

“पण ऐका,” पिशवीला गाठ मारता मारता अजीज बोलला, “हा खाडीतला माल आहे. लहान आहे तोवर गोड्या पाण्यात निभेल. वाढला की पाण्यात मीठ लागतं. मीठ नाय घातलं तर कुढून कुढून मरतो. आन् काट्याला हात लावू नका, हात सुजेल.”

साहेबरावांनी काट्याचं ऐकलं, मिठाचं ऐकलं नाही. दुकानदार आधी मासा विकतो, मग मीठ विकतो, मग औषध विकतो, असा त्यांचा हिशोब. शिवाय शार्क म्हणजे समुद्राचा राजा, त्याला शुद्ध पाणी हवं. सोसायटीत बोअरचं जड पाणी यायचं, त्यानं बादल्यांवर पांढरे थर चढायचे. म्हणून साहेबरावांनी आरओच्या पाण्याचे जार लावले. घरातली माणसं बोअरच्या पाण्यानं आंघोळ करायची आणि शार्क जारच्या पाण्यात पोहायची.

मंजुषानं टाकीत एकदाच डोकावून बघितलं. ही त्यांची बायको. दाभोळच्या खाडीकाठची, कंपनीच्या बसमध्ये शेजारच्या सीटवर बसता बसता जमलेली.

“अहो, हा तर शिंगाळा,” ती म्हणाली. “आमच्याकडं जाळ्यात येतो. कोकम घालून तिखलं करतात.”

“कोलंबियाची शार्क हाय ती,” साहेबराव म्हणाले. “तिखलं कसलं करायलीस? हे पुन्हा कुणापुढं बोलू नको.”

ती पुन्हा बोलली नाही. सोसायटीत मात्र बोलबाला झाला. लोक चपला काढून शार्क बघायला यायचे. साहेबराव हातात लेझरची लाल बत्ती घेऊन पर, शेपूट, मिशा दाखवायचे आणि लिफ्टमध्ये आता ‘शार्कवाले ढोबळे’ असं नाव झालं. निरंजन कुत्रं घेऊन आत आला तर साहेबराव कुत्र्याकडं बघतसुद्धा नसत.

मासे वीतभर झाले आणि मार्चात एक मेला. चौथ्या दिवशी दुसरा. तिसरा टाकीच्या तळाशी बसून श्वास मोजायला लागला.

आता कंपनीतली एक रीत सांगायला हवी. माल खराब निघाला की तिथं एक कागद भरतात. का झालं, ते का झालं, मग ते तरी का झालं, असं पाच वेळा विचारत जायचं. पाचव्या ‘का’ला मूळ कारण सापडतं म्हणतात. साहेबरावांनी असे शेकडो कागद भरले होते आणि प्रत्येकाच्या तळाशी मूळ कारण एकच निघालं होतं: ऑपरेटरची चूक. मशीन जुनं, रात्रपाळी सलग तिसरी, तेल संपलेलं, काही असो, कागद उतरत उतरत ऑपरेटरपाशीच थांबायचा. मशीनला बोलता येत नाही आणि साहेबाला बोलायची सोय नाही, मग उरतं कोण?

तसाच कागद त्यांनी घरी भरला. मासा का मेला? श्वास कोंडला. का कोंडला? हवेचा पंप बंद होता. का बंद? बटण दाबलं गेलं. का दाबलं गेलं? झाडू लागला. झाडू का लागला? लक्ष नव्हतं. मूळ कारण: ऑपरेटरची चूक. ऑपरेटरचं नाव: सौ. मंजुषा. उपाय: ट्रेनिंग द्यावे. कागद फ्रिजवर चुंबकानं लावला. पंप तेव्हा पाच मिनिटं बंद होता, त्यानं उंदीरसुद्धा मेला नसता. मंजुषानं तो कागद उभ्यानं वाचला आणि पोळ्या लाटायला गेली. त्या दिवशी ती जेवली नाही. साहेबरावांना ते कळलं नाही, कारण पोळ्या मऊ होत्या.

पुढं तिसरा मासा सावरला. चमकायला लागला, दोन्ही टोकांना झेपावू लागला. साहेबरावांना वाटलं, ट्रेनिंगचा गुण. त्याच सुमाराला घरात खडे मीठ भारी लागू लागलं, किराणाच्या यादीत दर खेपेला दोन किलो. “बीपी होईल,” म्हणून त्यांनी मंजुषाला झाडलं. भाजी अळणी असते आणि मीठ पोत्यानं संपतं, यात काही तपासण्यासारखं आहे, हे तपासणी खात्याच्या डोक्यात आलं नाही. उलट ‘शुद्ध पाणी आणि शिस्त’ या विषयावर त्यांनी कंपनीत पडद्यावर चित्रं लावून भाषण ठोकलं आणि स्टीलचा डबा बक्षीस मिळवला.

गणपतीला मंजुषा माहेरी निघाली. साहेबरावांना रजा नव्हती. दारात बॅग ठेवून ती म्हणाली, “चार दाणे खायला घाला. पाण्याला हात लावू नका.”

पाण्याला हात लावू नका, असं रिजेक्टरावांना सांगणं म्हणजे मांजराला दुधाच्या राखणीला बसवणं. तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या गणपतीच्या आरतीनंतर त्यांनी निरंजनला आणि आपले डिपार्टमेंटचे साहेब रणजीत यांना शार्क बघायला बोलावलं होतं. पाहुण्यांना टाकी लखलखीत दिसावी म्हणून आदल्या संध्याकाळी त्यांनी सगळं पाणी काढलं, काचा घासल्या आणि जारचं ताजं, कोरं पाणी भरलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीतून येऊन बघतात तर शार्क आडवी. कुशीवर पडून एक पर हलवत होती. नाव जाईल ही धास्ती साहेबरावांना होतीच, पण काचेतून तो मासा त्यांच्याकडंच बघत होता आणि खरं सांगायचं तर त्यांना त्याचा लळा लागला होता. खाली आरतीचे टाळ वाजत होते. त्यांनी मंजुषाला फोन लावला.

“पाणी बदललंत ना?” तिनं विचारलं.

“थोडं.”

“किती थोडं?”

“सगळं.”

“ओट्याखाली बरणीत खडे मीठ आहे. मार्चापासून मीच घालत होते. तो खाडीतला जीव, त्याला कोरं पाणी नाय सोसत. मीठ तांब्यात विरघळवा आणि थोडं थोडं ओता, एकदम नको.”

“लिटरला किती ग्रॅम?”

“ग्रॅम मला नाय ठाऊक. जीभ लावून बघायचं. डोळ्यातलं पाणी ओठावर येतं ना, तेवढं खारट हवं.”

“ते कसं मोजायचं?”

“मला अंदाज आहे,” मंजुषा म्हणाली. “तुम्ही फ्रिजवर कागद लावलात, त्या दिवशी नीट चव घेतली होती.”

फोन ठेवून साहेबरावांनी ओट्याखालची बरणी काढली. मग तांब्या घेतला. ओतावं, थांबावं, बोट बुडवून चाटावं. अळणी. आणखी एक तांब्या. पुन्हा चाटावं. अशात पाहुणे प्रसाद हातात घेऊन दारात आले. समोर शार्कवाले ढोबळे, बनियनवर, माशाच्या पाण्याचं बोट तोंडात.

“ढोबळे,” रणजीत साहेब म्हणाले, “हे काय चाललंय? मोजायचं गेज कुठं आहे तुमचं?”

“गेज माहेरी गेलंय, साहेब,” साहेबराव म्हणाले आणि पुन्हा बोट बुडवलं.

निरंजन हसला नाही. त्यानं दुसरा तांब्या भरून दिला. नवाच्या सुमाराला शार्कनं अंग सावरलं, हेलकावे खात उभी राहिली आणि काचेला तोंड लावून थकल्यासारखी पोहायला लागली.

मंजुषा परत आली ती आधी टाकीपाशी गेली. बोट बुडवलं, चव घेतली, मान हलवली. मग फ्रिजपाशी आली. कागद तिथंच होता. ऑपरेटरच्या नावापुढं ‘सौ. मंजुषा’वर काट मारली होती. पट्टी लावून, सरळ रेषेत. पुढची जागा मात्र कोरी होती.

“हे कोण भरणार?” तिनं विचारलं.

साहेबराव पेपर वाचत होते. निदान पेपर समोर होता. “भरू की,” ते म्हणाले. “सवडीनं.”

मंजुषानं त्यांच्याच खिशातलं पेन काढलं, सुवाच्य अक्षरात ‘श्री. साहेबराव ढोबळे’ असं लिहिलं आणि कागद त्यांच्या पेपरवर ठेवला.

“सही करा,” ती म्हणाली. “सहीशिवाय कागद बंद होत नाय, तुम्हीच सांगता.”

बावीस वर्षांत साहेबरावांनी दुसऱ्यांच्या चुकांखाली हजारो सह्या केल्या होत्या, मोठ्या, वळणदार, खाली दोन टिंबं देऊन. ही सही त्यांनी बारीक केली आणि टिंबं दिली नाहीत. मंजुषानं कागद पुन्हा फ्रिजवर लावला, दारातून येणाऱ्याला सरळ दिसेल असा.