मोकळा गळा

सुनेच्या गळ्यात मंगळसूत्र दिसलं नाही की मी लई करवादायचे, चार घरांना ऐकू जाईल असं. मानेच्या एमआरआयला तीच माझ्यासोबत आली. आत धातूचं काहीच चालत नाही, म्हणून दागिने काढताना मी तिथल्या नर्सवरही चिडले. जवळ बसायचं म्हणून सुनेनंही मंगळसूत्रासकट सगळं उतरवलं.

यंत्रात सरकवल्यावर कानाशी घणाचे घाव सुरू झाले. हलायचं नव्हतं, अन् मला तर रडूच फुटलं. तेवढ्यात तिनं माझ्या पायाचा अंगठा धरला. अर्धा तास सोडला नाही.

घरी आल्यावर ती ओट्याशी उभी राहिली, तरी गळा मोकळाच होता. मी म्हटलं, "सरक बाई, चहा मी टाकते."