माझा कॅमेरा, हसनचं भिंग

हसन गेल्याचं मला कळलं ते पाच मिनिटं उशिरा. काचेची प्लेट डेव्हलपरमध्ये होती, लाल दिवा लागलेला, आणि बाहेरून कुणीतरी दार ठोठावत होतं. काळोख्या खोलीचं दार मध्येच उघडलं की प्लेट वाया जाते, हे आमच्या आळीत सगळ्यांना ठाऊक. तरी ठोठावणं थांबेना, म्हणून मी आतूनच खेकसलो, "पाच मिनिटं दम धरा जरा!" बाहेरचा माणूस दम धरून उभा राहिला. एका नवरदेवाचं नाक, डोळे, फेटा डिशमध्ये सावकाश उमटताना मी बघत बसलो, मग प्लेट पक्की करायला हायपोत टाकली, हात पुसले आणि दार उघडलं. हसनची धाकटी बहीण सकीना, तिचा नवरा दारात होता. "हसनभाई गेले," तो म्हणाला. त्या क्षणी माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहावं की नाही, याचा विचार गेले सात आठवडे करतोय. लिहूनच टाकतो. मनात आलं, इथेही हा माझ्या पुढेच.

मला हसनचा हेवा वाटायचा. वाटायचा म्हणजे अजून वाटतो, माणूस गेला म्हणून हेवा जातोच असं नाही. आमच्या गावच्या बंदरावर, मांडवीच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. चित्रकलेत माझा पहिला नंबर, आणि बाकी ज्या ज्या गोष्टीत मुलांना पहिलं यावंसं वाटतं त्या सगळ्यांत त्याचा. सातवीनंतर तो बोटीवर गेला, इंजिनात तेलवाला म्हणून. मी कोल्हापूरला एका नामांकित फोटोग्राफरकडे सहा वर्षं घासलो, परत येऊन बाजारात स्टुडिओ थाटला. मागे रंगवलेला महाल, शेजारी प्लास्टरचा खांब, रस्त्याकडे तोंड करून काचेची शोकेस. माझं नाव झालं ते मात्र फोटो काढण्यावर नाही, प्लेट सुधारण्यावर. सुईसारखं टोक केलेली पेन्सिल आणि एक बारीक चाकू, एवढ्यावर मी सुरकुत्या, मस, देवीचे वण, डोळ्यांखालचा काळेपणा, काय हवं ते घालवून द्यायचो. मुलीचा फोटो पाठवायचा तर बापूंकडूनच काढून घ्या, असं लोक म्हणायचे. पुढे नवऱ्यामुलानं मुलगी समोर बघितल्यावर काय व्हायचं, ते मी कधी विचारलं नाही.

पन्नास साल उलटून वर्षभर झालं असेल. छातीच्या दुखण्यानं हसनला बोटीवरून कायमचं घरी पाठवलं आणि तो दुसऱ्याच दिवशी माझ्या दारात उभा राहिला. खिशातून हातरुमालाची पुरचुंडी काढून त्यानं माझ्या टेबलावर ठेवली. आत एक जड, पितळी कड्याचं भिंग होतं. हँबर्गच्या जुन्या बाजारात मिळालं म्हणाला. कॅमेरा नव्हता, नुसतं भिंग. "तुज्या कॅमेऱ्याला लावून बघू या," म्हणाला. माझ्या जुन्या मोठ्या कॅमेऱ्याचा भाता चांगला हातभर लांब व्हायचा, त्याला पुढे लाकडी फळी असते. सुताराकडून आम्ही नवी फळी करून घेतली, तिला भिंग बसवलं आणि मी काळ्या कापडात डोकं घातलं. समोर शेजारच्या शिंप्याची सुई धरली होती. मागच्या काचेवर ती उलटी उमटली, केवढी! नेढं खिडकीएवढं, आणि आतल्या दोऱ्याचा एकेक पीळ मोजून घ्यावा. आता अशा भिंगांना काहीतरी खास नाव आलंय म्हणतात. आम्ही त्याला हसनचं भिंग म्हणायचो.

नावातच सगळं आलं. कॅमेरा माझा, प्लेटा माझ्या, काळोखी खोली माझी, धुणं-छापणं माझं आणि भिंग हसनचं! आठ दिवसांत त्यानं बांगड्याचा डोळा काढला, जाळ्याची एक गाठ काढली, आंब्याच्या मोहराचा एक तुरा काढला. मी गमतीनं ते शोकेसमध्ये लावले, आणि तिथेच चुकलो. माझ्या शोकेसमध्ये वकील होते, दोन सरकारी अधिकारी होते, शालू नेसलेल्या सहा नवऱ्या होत्या. इतकी वर्षं लोक त्यांच्याकडे येता-जाता नजर टाकायचे. आता लोक थांबायला लागले, नाक काचेला लावून बघायला लागले, आणि कशाकडे, तर बांगड्याच्या डोळ्याकडे. जी मासळी रोज ताटात असते ती माणसं अशी बघत होती जणू पहिल्यांदाच दिसली. मला इतका संताप आला की शोकेसमध्ये ओल येते असं सांगून मी तो फोटो पंधरा दिवसांत काढून टाकला. हसननं तो उचलून घरी नेला. तो कधीच कशाची तक्रार करायचा नाही, ही त्याची आणखी एक खोड.

मग तो माणसांकडे वळला. मी गिऱ्हाइकापासून दहा हात लांब उभा राहायचो, "हनुवटी वर, हसू नका, हलू नका" म्हणायचो. हा स्टूल ओढून थेट समोर बसायचा, गुडघ्याला गुडघा लागेल इतका. मधे फक्त ते भिंग. बोलत राहायचा. एडनच्या गोष्टी, मासळीचे भाव, कुणाच्या मुलीचं काय झालं. भाता जितका लांब तितका उजेड कमी, म्हणून भिंगाची टोपी काढून चार-पाच अंक मोजावे लागायचे, आणि इतक्या जवळून नजर अशी बारीक बसते की डोळा नीट आला तर कान धूसर होतो. समोरचा माणूस तांदळाच्या दाण्याएवढा हलला तरी गेलं. पण त्याच्यापुढे कुणी हलायचं नाही. कसं ते मला आजही सांगता यायचं नाही. एका माणसाची तो एकच प्लेट घ्यायचा, दुसरी नाही. "दुसऱ्या वेळी तो माणूस फोटो काढून घेत असतो," म्हणायचा. ते फोटो कुणी घरी नेत नसत, ते सोडा. कचेरीतले एक अव्वल कारकून आपल्या नाकावरची भोकं बघून दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते. पण तिसऱ्या दिवशी आले आणि म्हणाले, "जरा परत बघू तो." उभ्या उभ्या पंधरा मिनिटं बघत राहिले. माझ्या फोटोकडे असं कुणी बघितल्याचं मला आठवत नाही.

आता आईबद्दल लिहायचं आहे, आणि खरं तर त्यासाठीच मी हे लिहायला बसलो. माझ्या आईला लहानपणी देवी आल्या होत्या. तिच्या पाठची बहीण त्यातच गेली, ही वाचली. चेहरा वणांनी भरलेला. फोटोग्राफरची आई, पण तिचा एकही फोटो नव्हता. मी किती मागे लागलो असेन! "अगं, वण दिसणार नाहीत, मी आहे ना," म्हणायचो. ती म्हणायची, "बघू." वर्षानुवर्षं बघूच. आणि एका दुपारी मी बाजारातून परत येतो तो काय, घराच्या मागच्या दाराच्या उजेडात आई पाटावर बसलेली, समोर हसन, मधे माझा कॅमेरा. ती त्याला सोलकढीत लसूण किती ठेचून घालायची ते सांगत होती, आणि हा, "बरं काकी, होय काकी," करत टोपी काढून मोजत होता. मला बघून आई म्हणाली, "हसन्यानं काढला हो माझा फोटो." जत्रेतून आल्यासारखा तिचा चेहरा होता.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी प्लेट धुतली, वाळवली आणि उजेडासमोर धरली. उलट्या काळ्या-पांढऱ्यातही कळत होतं, काय उतरलंय ते. माझ्या जन्मापासून बघितलेला चेहरा, पण इतक्या जवळून मी तो तान्हा असतानाच बघितला असेन. एकेक वण होता. त्यांच्यामधून ती बघत होती, निवांत, माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं तसं. आणि ती हसनकडे बघत होती. ... मी प्लेट सुधारायच्या मेजावर लावली आणि चाकू घेतला. मनाची समजूत घातली की मी आईवर उपकारच करतोय. पेन्सिलीचं काम पुसता येतं, चाकूनं खरवडलेलं परत येत नाही, हे मी जाणून होतो. म्हणूनच चाकू घेतला. तीन दिवस खपलो. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सफाईचं काम ते. एक वण ठेवला नाही.

छापलेला फोटो आईच्या हातात दिला. तिनं चष्मा लावला, फोटो लांब धरला, जवळ धरला. म्हणाली, "तुझा हात लागला वाटतं ह्याला." मी म्हटलं, "छान झालाय की नाही?" ती म्हणाली, "छान आहे. कोण आहे ही?" आणि मग माझ्याकडे न बघता, अगदी साध्या आवाजात, "तू मला सुधारशील, हे ठाऊक होतं रे. म्हणून तर बसत नव्हते." फोटो तिनं परत माझ्याकडे दिला आणि तांदूळ निवडायला घेतले. दुसरा काढू या म्हटलं तर तिनं मानेनंच नको म्हटलं. हसनला मी सांगितलं, प्लेटीवर डाग होते, साफ करावी लागली. तो फोटोकडे बघत राहिला, "बरं" म्हणाला, आणि आठ दिवसांनी नेहमीसारखी दुसरी प्लेट धुवायला माझ्याच हातात दिली. त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर मी सुटलो असतो. त्यानंतर दोन वर्षांनी आई गेली. घरात तिचा तोच फोटो लावलाय. येणारे-जाणारे म्हणतात, तुमच्या आई काय देखण्या होत्या हो.

गेल्या थंडीत हसननं अंथरूण धरलं. मांडवीला त्याच्या घरी मी जाऊन बसायचो. माणूस निम्मा झाला होता, गाल आत गेलेले, खोकला सुरू झाला की थांबायचा नाही. एक दिवस म्हणाला, "बापू, माजा फोटो काढ. त्या भिंगानं." मी म्हटलं, बरा हो, मग काढू. तो म्हणाला, "मेल्या, बरा झालो तर मी तुजा काढीन." कॅमेरा, त्याचं तीन पायांचं तिकाटणं, सगळं टांग्यात घालून मी घेऊन गेलो. समुद्राकडच्या खिडकीशी त्याला बसवलं आणि सवयीनं लांब उभा राहिलो. "जवळ ये." गेलो. "आणखी जवळ. माजा श्वास काचेवर आला पायजे." त्याचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागला. श्वासानं भिंग खरंच धुरकट होत होतं, दोनदा पुसलं. कापडात डोकं होतं म्हणून असेल, मला बोलायचा धीर आला.

"हसन, आईची ती प्लेट..."

"ती होय? तवाच ओळखली मी. चाकू लागलेला कळत नाय काय?"

"मग बोलला का नाहीस?"

"बोलून वण परत येनार होते?"

मी कापडातून बाहेर आलो तर तो हसत होता. मग म्हणाला, "बापू, तुजे हात सोन्याचे हायत. डोळे तेवढे भित्रे. घे आता, टोपी काढ." दिवस मावळतीचा, उजेड कमी, सहा अंक मोजावे लागणार होते. खोकल्याची उबळ त्याच्या गळ्याशी आलेली मला दिसत होती. मी टोपी काढली. एक, दोन, तीन... मानेवरची शीर ताठ झाली, डोळ्यांत पाणी आलं, पण चेहरा ढिम्म हलला नाही. नजर माझ्यावर. सहा म्हणून टोपी लावली आणि तो खोकत खोकत उशीवर पडला. खोकला किती तरी वेळ थांबला नाही. सकीना पाणी घेऊन धावत आली आणि तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी कॅमेरा आवरायला घेतला.

तो गेल्यावर दोन आठवड्यांनी सकीना स्टुडिओत आली. त्यांचा धाकटा भाऊ बसऱ्याला नोकरीला, त्याला फोटो पाठवायचा होता. "बापूभाई, गाल जरा भरून द्या. आणि ती मानेवरची शीर काढा. असा बघून रडंल तो." मी गुरुवारी ये म्हटलं. प्लेट मेजावर लावली, पेन्सिलीला टोक केलं. गाल भरायला अर्धा तास लागला असता. मी चार दिवस नुसता बसून राहिलो. गुरुवारी तिला जसा होता तसा छापून दिला. वाटलं होतं, भांडेल. ती बराच वेळ बघत राहिली, मग शिरेवर बोट ठेवून म्हणाली, "खोकला दाबलान ना हितं?" मी हो म्हटलं. "तुमच्यासाठी दाबलान." फोटो ओढणीत गुंडाळून तिनं नेला. शोकेसमध्ये लावू का विचारलं, तर म्हणाली, लावा.

लावायला मात्र मला महिना लागला. तो फोटो तिथे गेला की बाकीच्यांचं काय होणार, ते मला पुरतं कळत होतं. वकिलांच्या शेजारी ठेवून बघितला, नवऱ्यांच्या मधे ठेवून बघितला. सगळे पिठात बुडवून काढल्यासारखे दिसायला लागले. माझ्या वीस वर्षांच्या कामावर मीच पाणी ओतायचं म्हणजे सोपं नाही. शेवटी परवा सकाळी ते सगळे काढून आत नेले आणि शोकेसमध्ये एकट्या हसनला ठेवलं. आयुष्यात मी काढलेला हा एकच फोटो. बाकीचे केलेले.

दहाच्या सुमाराला मांडवीचा एक म्हातारा तांडेल समोर थांबला. गलबतावर उभं आयुष्य गेलेला माणूस, हसनच्या शेजारचाच. काचेला कपाळ लावून खूप वेळ उभा होता. मी दारात आलो, तसा माझ्याकडे वळून म्हणाला, "आमचा हसन हो! आनि फोटो पन त्यानंच काढलेला असनार. असा काढनारा दुसरा हाय कोन हितं?"

अहो, स्वतःचा फोटो माणूस स्वतः कसा काढील, एवढं तरी... अगदी ओठांवर आलं होतं. म्हटलं, "होय. त्यानंच काढला."