प्रमोदची जीभ

माझ्या तोंडून तुम्ही काय काय ऐकलं असेल! बर्फात चार मैल गाडी ढकलत नेली, माझी मिसळ खाऊन गोरा मॅनेजर ढसाढसा रडला... हे मात्र कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि यात मसाला नाही — घातला तर मी जरा बरा माणूस दिसेन, आणि तो मी नव्हे.

दोन हजार सालानंतरची पहिली वर्षं. नॉटिंगहॅममध्ये आम्ही सात-आठ मराठी कुटुंबं, आणि त्यात बिअरमधला सर्वज्ञ कोण? मी! बाकीचे काय, बाटलीवरचं लेबल वाचून माना डोलावणारे. मी ग्लास उजेडात धरायचो, डोळे मिटायचो, ‘माल्ट’ म्हणायचो — आणि एम.एस. झालेले सर्जन गप्प बसून ऐकायचे! काय ही माणसं. आणि काय मी.

एका वसंतात ऑफिसने म्युनिकला ट्रेनिंगला पाठवलं. येताना विमानतळावरच्या दुकानातून फिकट बॉकच्या, म्हणजे जोरदार जर्मन बिअरच्या, चार बाटल्या घेतल्या — कुठल्याशा गावातल्या जुन्या ब्रुअरीच्या. सांगताना मात्र मी त्या ब्रुअरीत तीन दिवस राहिलो होतो, म्हाताऱ्या मालकाने तळघरात नेऊन पिंपातून पाजली होती, आणि निघताना तो गळ्यात पडला होता. विमानतळ कशाला सांगायचा?

बाटल्या गाडीच्या डिकीत राहिल्या. अख्खा उन्हाळा.

सप्टेंबरात माझ्याकडे सगळे जमले. त्यात प्रमोद — नागपूरचा, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला, हळू बोलणारा. बायको स्वाती नुकतीच भारतातून आलेली. आमच्यात तिची ती पहिलीच संध्याकाळ. मी व्याख्यान झोडलं, सगळ्यांनी घोट घेतला, माना डोलल्या. प्रमोद तेवढा थांबला. पुन्हा हुंगलं.

“दादा, खराब झाली का हो ही? ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते.”

मी काय करावं? हसलो. असा हसलो की शेजारच्या घरातला कुत्रा भुंकला असेल. “अरे, संत्र्याची बर्फी खाणारी जीभ ही! पाचशे वर्षांची ब्रुअरी चुकली, आणि आमचा प्रमोद बरोबर!” सगळे हसत सुटले. स्वातीही हसली — नवीन होती, काय करणार? त्या दिवसापासून तो ‘पुठ्ठा’. पुठ्ठ्या, मीठ बघ रे. पुठ्ठ्याला विचारू नका. पुढे स्वातीसुद्धा लाडाने तेच म्हणायला लागली.

आता ऐका. सगळे यायच्या आधी पहिली बाटली मी किचनमध्ये एकट्याने उघडली होती. एक घोट घेतला होता. पुठ्ठा मलाही लागला होता. अगदी तोच — ओला, शिळा. मला माहीत होतं. तरी ओतली.

तीन वर्षांनी प्रमोद कायमचा नागपूरला निघाला. निरोपाचं जेवण त्याच्याच घरी. आणि या माणसाने काय करावं? तीच बॉक, त्याच ब्रुअरीची, कुठून कुठून शोधून मागवलेली. “दादा, तुमच्यासाठी,” म्हणाला.

मी प्यायलो. काय सांगू! सोनेरी रंग, घट्ट पांढरा फेस. आधी भाजलेल्या पावाच्या कडेची चव, मग मध, मग बारीकसा कडवटपणा. आणि घशातून उतरताना ती ऊब — हिचा जोर दिसत नाही, पोटात गेल्यावर कळतो. बॉक अशी लागते, हे मला तेव्हा कळलं. सर्वज्ञाला! एका वाक्यात त्याची जीभ त्याला परत देता आली असती. सगळे माझ्याकडे बघत होते, प्रमोद तर निकाल लागायचा असल्यासारखा.

“ठीक आहे,” मी म्हणालो, “पण त्या दिवशी माझ्याकडे होती, ती बात हिच्यात नाही.”

माना डोलल्या.

“असेल बुवा,” प्रमोद म्हणाला. “आपल्याला कुठे कळतं.”

मग तो मुलांसाठी दूध ओतायला उठला. फ्रीजमधली बाटली उघडून नाकाशी नेली, आणि मध्येच थांबला. स्वातीपुढे धरली.

“तूच बघ गं, चांगलं आहे का.”

मी समोर बसून हे पाहिलं. आणि ग्लासातली बॉक शेवटच्या थेंबापर्यंत संपवली. फार छान होती.