रजबच्या तोंडाला कुलूप

रजबच्या जीपमध्ये बसायचं म्हणजे भाडं द्यायचं आणि वर कानही द्यायचे, असं आमच्या शिगरच्या खोऱ्यात म्हणतात. स्कर्दूच्या बाजारातून निघाला की गावात पोचेपर्यंत गड्याच्या तोंडाचा पट्टा थांबत नाही. कुणाची गाय व्याली, कुणाची सोयरीक मोडली, सगळं साग्रसंगीत. लोक हो हो म्हणत डुलक्या काढतात. मनापासून ऐकणारं माणूस एकच, त्याची लेक फिझा. लहानपणी ती शेजारच्या सीटवर बसायची आणि बाप जरा थांबला की विचारायची, "मग?" त्या "मग?"वर रजब अख्खा घाट चढायचा.

आता ती स्कर्दूच्या कॉलेजात होती आणि नर्सिंग शिकायला तिला कराचीला जायचं होतं. रजब नाही म्हणाला. कारणं छप्पन्न सांगितली, पण खरं काही ओठावर आलं नाही. ही गेली तर आपलं ऐकणार कोण, या धास्तीने तो आतून पोखरला होता. फिझाने अबोला धरला. नाव नोंदवायची मुदत तर चार दिवसांवर आलेली.

त्यातच तिच्या वर्गाची शनिवार-रविवारची सहल गावावरच्या हिमनदीवर आली. गावचा झरा आटत चालला होता, म्हणून गावाने हिमनद्यांचं लग्न लावायचं ठरवलं होतं, आणि बर्फ वाहायला या पोरापोरींची मदत होणार होती. काळपट, दगडगोट्यांचा बर्फ तो नवरा. पांढरा, स्वच्छ ती नवरी. दोघांना डोंगराच्या सावलीतल्या खड्ड्यात शेजारी निजवलं की नवी हिमनदी धरते आणि झऱ्याला पाणी येतं. पण एकदा बर्फ पाठीवर घेतला की पाटी जमिनीला टेकवायची नाही आणि कुणी अवाक्षर काढायचं नाही. कुणी बोललं की लग्न मोडलंच.

नवरीची पाटी रजबच्या पाठीवर दिली तेव्हा म्हाताऱ्यांनी कपाळाला हात लावला. हा बाबा झोपेतसुद्धा बोलतो, कसं व्हायचं? पण वरची वाट त्याच्या पायाखालची होती, म्हणून इलाज नव्हता.

सगळे मुकाट चालत होते. बुटांखाली बर्फ करकरत होता. एका भेगेपाशी फिझाचा पाय सरकला आणि ती गुडघ्यापर्यंत आत गेली. तिचं नाव रजबच्या अगदी जिभेवर आलं होतं, ते त्याने दात आवळून गिळलं. पाटी सावरत तो वाकला आणि हात पुढे केला. फिझाने तो घट्ट धरला, वर आली, आणि मग खड्ड्यापर्यंत सोडलाच नाही. तिचा तळवा केवढा गार पडला होता! कितीतरी दिवसांनी तो हात त्याच्या हातात आला होता.

नवरा-नवरीला निजवलं, वरून कोळसा, भुसा, माती लोटली. थोरल्यांनी दुआ मागितली आणि सगळ्यांच्या जिभा मोकळ्या झाल्या. आता हा सुटणार म्हणून जो तो रजबकडे बघायला लागला, तर रजब गप्प. रिकाम्या पाटीतला बर्फ झटकत बसला.

शेवटी तो लेकीला म्हणाला, "कराचीला जाताना पिंडीच्या रेल्वे स्टेशनापर्यंत मीच सोडणार तुला, जीपने. वाटभर बोलणार आहे, आत्ताच सांगून ठेवतो."

फिझाने बाहीने डोळे पुसले.

"मग?" ती म्हणाली.