मळीचा वास

श्रीरामपूरच्या बाजूला, एका साखर कारखान्याच्या कॉलनीत मी वाढले. वडील कारखान्यात फिटर होते. दिवाळीच्या आसपास बॉयलर पेटला की आठवडाभरात मळीचा वास सुटायचा. आंबूस, गोडसर आणि कुजका, तिन्ही एकदम. पहिले चार दिवस सगळी कॉलनी नाक मुरडायची, मग नाकं मरायची. पुढे उन्हाळ्यापर्यंत वास तसाच असे, पण तो यायचा फक्त पाहुण्यांना.

केडगावची आत्या तर दरवर्षी एसटीतून उतरायची तीच नाकाला पदर लावून. "वहिनी, कशा ऱ्हाता वो तुमी या घाणीत?"

"त्याच घाणीतली साखर तुमच्या च्यात पडती," आई म्हणायची. दोघींचं हे ठरलेलं होतं.

ही नव्वद सालानंतरची गोष्ट. कॉलनीत नुकतीच केबल आली होती आणि मी नववीत होते. पोळ्याच्या सुमारास आईला ताप आला. आठवड्याने ताप गेला, पण तिला वास यायचा बंद झाला. श्रीरामपूरच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "येईल हळूहळू. काहींना येत नाही, पण त्यावाचून काही अडत नाही."

डॉक्टरांचं अडत नसेल. आई सगळा स्वयंपाक नाकाने करायची. दूध बुडाला लागायच्या आधी तिला बाहेरच्या ओट्यावर बसून कळायचं. पीठ जुनं झालंय हे डब्याचं झाकण उघडताच कळायचं. आता तिच्यासमोर लसूण करपून काळा व्हायचा आणि ती कढईकडे बघत उभी असायची. मग ती मला हाक मारू लागली. "ये, दूध हुंग. स्टो हुंग, रॉकेल गळतंय का बघ." वासाची सगळी नोकरी माझ्या गळ्यात पडली. मी अभ्यासातून उठून चिडत यायची, नाक फेंदारून जायची. संध्याकाळी वंदनेच्या वेळी ती एका उदबत्तीऐवजी तीन लावायची. आम्ही खोकायचो आणि ती विचारायची, "येतोय ना वास?"

खाताना तिला सगळं मातीसारखं लागायचं. ती वाळत चालली. एकदा वडिलांना म्हणाली, "असंच ऱ्हायलं तर मी काय कामाची? एखाद्या दिवशी स्टो गळंल आन्‌ मला कळायचंबी न्हाई." मी पुस्तक पुढे धरून बसले होते, पण त्या दिवसापासून मलाही स्टोची भीती वाटू लागली.

वडील म्हणजे जेवणाला नावं ठेवण्यात पटाईत माणूस. हळद जास्त झाली, भाकरी एका बाजूने जळाली, आमटीला हिंग लागलाच नाही. घास घेतला की शेरा ठरलेला, आणि त्यावर आईचा टोलाही ठरलेला. तापानंतर त्यांनी तोंड बंद केलं. करपलेली आमटीही मुकाट भुरकायचे. आईला ते जास्त लागायचं. "बोला की काहीतरी," ती म्हणायची. "बरी झालीय," एवढंच ते म्हणायचे. जेवताना भांड्यांचाच आवाज राहिला. त्या कटकटीने घर किती भरलेलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

हंगाम सुरू झाला. "सुटला एकदाचा," सगळी कॉलनी म्हणाली. आई दारात बराच वेळ उभी राहिली आणि आत येऊन म्हणाली, "न्हाई."

जानेवारीत आत्या आली, पदर लावूनच. ती आल्यावर दोन दिवसांनी, सकाळी, आई स्वयंपाकघरातल्या ओट्याखालचे डबे भराभर बाहेर काढू लागली. "घरात उंदीर मेलाय," ती म्हणाली. "लई घाण येतीय."

मी हुंगलं. काहीच नव्हतं. वडील रात्रपाळी करून नुकतेच आले होते. त्यांनी हुंगलं. "मला तर न्हाई येत." तरी आम्ही कपाट सरकवलं, ट्रंक उचलली, मी पलंगाखाली शिरले. उंदीर तर नाहीच, झुरळही सापडलं नाही. आई झाडू घेऊन कोपरे उकरत होती. वडिलांनी माझ्याकडे बघितलं. दोघांच्याही मनात तेच आलं, आता हिच्या डोक्यातही काही बिघडलं की काय.

आत्या उंबऱ्याशी बसून हे सगळं बघत होती. शेवटी तिच्याने राहवेना. "वहिनी, उंदीर न्हाई न्‌ काय न्हाई. मळीचा वास हाय तो. परवापास्नं मी पदर लावून बसलेय, दिसंना का कुणाला?"

आईच्या हातातला झाडू तसाच राहिला. ती बाहेर ओट्यावर गेली, लांब श्वास घेतला, पुन्हा घेतला. "व्हय," ती म्हणाली, "मळीच हाय," आणि तिचे डोळे भरून आले. मग हुरड्याला बसावं तशी ती पाय सोडून ओट्यावर बसली आणि तो कुजका वास छातीभर घेत राहिली. आत्याने पदर खाली केला आणि तिच्या शेजारी जाऊन बसली. वडील आत तोंड धुवायला गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.

बाकीचे वास सावकाश आले, तेही घाणेरडे आधी. गटार, भिजलेलं गोणपाट, वडिलांचे मोजे. उदबत्ती पुन्हा एकच लागू लागली. आत्या केडगावला परत गेली. मग एका दुपारी आई बाहेर तांदूळ निवडत होती आणि मी आत केबलवर काहीतरी बघत होते. ती तिथूनच ओरडली, "दूध लागलं बघ बुडाला."

मी धावले, पण उशीर झाला होता. त्याच दुधाचा चहा केला. तिघं ओट्यावर बसलो. वडिलांनी पहिला घोट घेतला, कप खाली ठेवला आणि कितीतरी महिन्यांनी नावं ठेवली, "च्याला करपट वास येतोय."

"व्हय," आई म्हणाली, "मलाबी येतोय." आणि तिने कप शेवटच्या घोटापर्यंत रिकामा केला.