सात नंबरची डबी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, बायकोला नाही, प्रयोगशाळेत शेजारी बसणाऱ्यांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय — तेही मला नीट माहीत नाही.

मी राहनाळचा. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला मीच. आई गोदामात पॅकिंगला जायची, अजूनही जाते. मी मुंबईत एका प्रयोगशाळेत पोस्टडॉक आहे — म्हणजे पीएचडीनंतरची, वर्षावर्षाच्या करारावरची संशोधकाची नोकरी. शरीराची राखण करणाऱ्या पेशी आतड्यात असतात. त्या कधीकधी आपल्याच आतड्यावर उलटतात. का, ते मी शोधतो. पण नावामागे डॉक्टर लागलं तेव्हापासून गावात मी ‘पोटाचा डॉक्टर’. सुरुवातीला मी समजावून सांगायचो. मग सोडून दिलं. ऐकायला बरं वाटायचं — तेही खरंच.

आजारी माणसांशी ताडून बघायला निरोगी माणसांचे नमुने लागतात. शौचाचे. ते आणायचे कुठून? आई म्हणाली, आमच्या गोदामातल्या बायका देतील की. दिले त्यांनी. पण हसून हसून मला नकोसं केलं.

“एवरं शिकवलं गं पोराला, आन् यो काय गोला करतंय बघ!”

हे म्हणणारी सुमनकाकू. आमच्या शेजारची, गोदामात आईच्याच टेबलावर काम करणारी. मी दहावीला असताना आईला उशीर झाला की मी काकूकडेच जेवायचो. मासळी बाजारातून बर्फ आणून मी थर्माकोलच्या खोक्यात आठ डब्या ठेवल्या. सातवी काकूची.

प्रत्येक डबीबरोबर एक फॉर्म होता. त्यात एक प्रश्न होता — शौचावाटे रक्त जातं का? तो प्रत्येकीला बाजूला घेऊन, तोंडाने विचारायचा होता. ज्या बायकांनी मला कडेवर खेळवलं, त्यांना हे कसं विचारायचं? मी ओट्यावर बसलो आणि आठही फॉर्मांवर ‘नाही’पुढे खूण करून टाकली. पाच मिनिटं लागली असतील. लाज वाटली म्हणून, असं मी स्वतःला सांगत आलो. लाज होतीच. पण घाईही होती. आणि — एखादी ‘हो’ म्हणाली असती, तर माझा एक नमुना कमी झाला असता.

पण सांगायचं ते एवढंच नाही. मी अजून भोवतीच फिरतोय.

आतड्याला सूज किंवा इजा असली की शौचात एक प्रथिन वाढतं. सात नंबरचा आकडा बाकीच्यांच्या कितीतरी पट आला. मी चाचणी पुन्हा केली. तेच. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी विचारलं, हा माणूस निरोगी कसा? मला तो फॉर्म आठवला. खरं सांगितलं तर आठही फॉर्म खोटे ठरणार होते. मी म्हणालो, वाटेत बर्फ वितळला सर, नमुना खराब झाला असेल.

बर्फ वितळला नव्हता.

सर म्हणाले, मग काढून टाक. मी सात नंबरवर रेघ मारली.

त्या रविवारी काकूने मला नळावर गाठलं. “काय रं डॉक्टर, माज्या डबीत काय निंगालं?” हसतच विचारलं तिने. पण भरलेली कळशी खाली ठेवून विचारलं. नुसत्या थट्टेसाठी कुणी भरलेली कळशी खाली ठेवतं का? मला ते दिसलं. दिसलं, कळलं, आणि तरीही मी म्हणालो, “सगलं बरं हाय, काकू.”

एकदा दवाखान्यात दाखव — एवढंच तर म्हणायचं होतं. पण तिने ‘का’ विचारलं असतं तर?

तिने कळशी उचलली. गेली.

दीड वर्षाने तिला मोठ्या इस्पितळात न्यावं लागलं. सोबत मी होतो. माझ्याशिवाय कोण जाणार? डॉक्टरांनी विचारलं, रक्त कधीपासून जातंय? ती म्हणाली, लय दिस झालं. मग इतके दिवस आला का नाहीत? काकूने माझ्याकडे बोट केलं. किती अभिमानाने! “आमच्या पोरानं तपासलं व्हतं ना. यो पन डॉक्टरच हाय.” डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी फाइलमधले कागद उगाच वरखाली करत राहिलो.

मोठ्या आतड्यात गाठ होती. ऑपरेशन झालं. त्याच महिन्यात माझा शोधनिबंध छापून आला. त्यात निरोगी माणसं सात.

आता प्रत्येक रिपोर्ट ती आधी माझ्याकडे पाठवते. तू बघितलंस की जीव थाऱ्यावर येतो, म्हणते. गेल्या आठवड्यात नवा आला. गाठ यकृतात पसरली आहे. या वेळी मी काही लपवलं नाही. तिच्या ओट्यावर बसून सगळं वाचून दाखवलं, सोपं करून सांगितलं. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला — मलाच धीर द्यावा तसा — आणि म्हणाली, “पन तू तपासलंस तवा बरं व्हतं ना रं?”

“हो काकू,” मी म्हणालो. “तवा बरं व्हतं.”