ओवाळून दिलेला फोन

वॉरंटीला देश असतो हे मला या वयात कळलं, आणि मी थक्कच झालो.

लेक नर्स होऊन आयर्लंडला निघाली, तेव्हा तिला वाशीच्या दुकानातून चांगला फोन घेऊन दिला होता. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. नवी वस्तू ओवाळल्याशिवाय वापरायची नाही, ही आमच्या घरची रीत. तुर्भ्याच्या मार्केटात मी पाठीवर पोती वाहिली, तिथल्या वजनकाट्यालाही दसऱ्याला हार पडायचा. मग कोपरखैरण्याच्या आमच्या खोलीत फोन कसा सुटेल? बायकोने तो देवापुढे उभा केला. गुळगुळीत काचेवर हळदकुंकू चिकटेना, म्हणून तिने बोट पाण्यात बुडवून पुन्हा लावलं. ओघळ खाली आला तो पदराने पुसला आणि फोन लेकीच्या हातात दिला.

"जा. आता ह्याला बी काय होनार न्हाय आन् तुला बी."

तो फोन तिकडे महिनाभरही धड चालला नाही. आधी चार्ज होईना, मग बंदच पडला. लेक तिथल्या सर्व्हिस सेंटरला गेली, तर म्हणे फोन भारतात घेतलाय, वॉरंटी भारतातच चालेल. माझं डोकंच फिरलं. कंपनी तीच, जाहिरात जगभर तीच, आणि दुरुस्तीची वेळ आली की ह्यांना तुमचा देश आठवतो! लेकीने स्वस्तातला दुसरा फोन घेतला आणि मला म्हणाली, जाऊ द्या पप्पा. मी कसला जाऊ देतोय? बिल माझ्याकडे होतं.

बायकोचं दुखणं वेगळंच होतं. आपण ओवाळलेली वस्तू बंद पडली, आता पोरीचं परमुलखात कसं होणार, असा घोर तिने लावून घेतला होता. भाजी निवडता निवडता मध्येच म्हणायची, माझ्याच हाताला यश न्हाय. मला ते ऐकवत नसे. फोन मुळातच खराब होता, हे एकदा कंपनीच्या तोंडून वदवून घेतलं की ही शांत होईल, एवढंच माझ्या मनात होतं.

लेकीसोबत काम करणारी एक मुलगी सुट्टीवर भारतात आपल्या घरी येणार होती. तिच्या हाती फोन पाठवायला लेक तयारच नव्हती. मी आवाज चढवल्यावर कशीबशी तयार झाली, पण सेंटरला तुम्ही एकटेच जा, आईला नेऊ नका, असं तिने बजावलं. मी भांडण करणार हे ओळखून म्हणत असेल, असं मला वाटलं.

वाशीच्या सेंटरला मी भांडायच्या तयारीनेच गेलो. काउंटरवरच्या बाई फोन आत घेऊन गेल्या आणि थोड्या वेळाने मला बोलावून त्यांनी स्क्रीनवर एक फोटो दाखवला. चार्जिंगची पिन जिथे जाते ते भोक, मोठं करून. आत लाल चिखल सुकून बसला होता, कडेला पिवळा. धातू गंजून गेला होता.

"काका, पूजा केली होती का? पाणी गेलंय आत. हे वॉरंटीत बसत नाही."

दसऱ्यानंतर असे बरेच फोन येतात, असंही त्या म्हणाल्या. मला पुढचं ऐकूच येईना. तो लाल रंग मी रोज बायकोच्या कपाळावर बघतो, आणि तो तिथे, त्या भोकात होता.

बाहेर फुटपाथवर येऊन लेकीला फोन लावला. तुला माहीत होतं का, एवढंच विचारलं.

"इथं त्यांनी पण उघडून दाखवलं होतं, पप्पा. हे लाल काय म्हणून विचारलं. मी सांगितलं, पर्समध्ये लिपस्टिक फुटली." मग हळूच म्हणाली, "आईला सांगू नका."

घरी आलो तर बायको दारातच उभी. काय म्हणाले, विचारलं. माल खराब निघाला, त्यांनी कबूल केलं, असं मी सांगून टाकलं. तिने डोळे मिटले, देवाच्या दिशेने हात जोडले. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा मोकळा झाला.

"बघा, माज्या ओवाळन्यात खोट नव्हती. पोरीनं तो दुसरा फोन तसाच वापराय काढलाय. दिवाळीला येऊ दे, त्याला बी ओवाळते."

"ओवाळ," मी म्हणालो. "पण कुंकू कोरडंच लाव."

"कोरडं कुटं चिकटतंय काचेला," ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.